हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन : आधी श्वास थांबतो की हृदय?

रॉनल्ड रॉस यांचे नाव आपल्या हैदराबादेतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला, बेगमपेठेत त्यांच्या नावाची संस्था आहे, धडाही असतो. पण त्याच्या आठ वर्षे आधी याच शहराने जगाच्या वैद्यकात एक मोठा वाद पेटवून दिला होता, तो मात्र आपल्या बैठकीत क्वचित निघतो. निघालाच तर एका वाक्यात आटोपतो : निजामाने पैसे दिले, हैदराबादेत प्रयोग झाले आणि क्लोरोफॉर्म सुरक्षित ठरला. या वाक्याचे पहिले दोन तुकडे खरे आहेत. तिसऱ्याची हकीकत जरा लांबची आहे आणि ती पुरी सांगावी असे आम्हाला वाटते.

प्रश्न साधा होता. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तेव्हा आधी काय थांबते, श्वास की हृदय? आज हा प्रश्न पुस्तकी वाटेल. तेव्हा तो भूल देणाऱ्याच्या हाताचा प्रश्न होता. आधी श्वास थांबत असेल तर त्याने छातीकडे आणि पोटाकडे बघत बसावे. आधी हृदय थांबत असेल तर बोट नाडीवर हवे. भूल देणारा एकटाच, यंत्र एकही नाही, आणि टेबलावर कुणाची तरी आई किंवा मुलगा. नजर चुकीच्या जागी राहिली तर काय होणार हे वेगळे सांगायला नको.

थोडे मागे जाऊ. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनला मॉर्टन यांनी ईथर देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली. पुढल्या वर्षी ४ नोव्हेंबरच्या रात्री एडिंबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी आपल्या जेवणाच्या टेबलापाशी दोन सहकाऱ्यांसह क्लोरोफॉर्म हुंगला, आणि तिघेही टेबलाखाली गेले. क्लोरोफॉर्मला वास गोड, घसा कमी जळतो, थोडक्या थेंबांत काम होते. काही आठवड्यांत तो सगळीकडे पोचला. आणि तीन महिने पुरे होण्याआधीच पहिला बळी पडला. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना काही मिनिटांत गेली.

गंमत अशी, की वाद त्याच मरणापासून सुरू झाला. सिम्प्सन म्हणाले, ती क्लोरोफॉर्मने मेलीच नाही. शुद्धीवर आणायला तोंडात ओतलेल्या ब्रँडीने आणि पाण्याने तिचा श्वास कोंडला. लंडनचे जॉन स्नो म्हणाले, नाही, हृदय थांबले. स्नो म्हणजे पटकीची साथ पाण्यातून पसरते हे दाखवणारे तेच. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला होता. हवेत क्लोरोफॉर्मचे प्रमाण फार वाढले तर हृदय थेट बंद पडते, असे त्यांनी जनावरांवर पाहिले होते. पुढे या दोन मतांची दोन घराणीच झाली. लंडनवाल्यांचे बोट नाडीवर. एडिंबरोला जेम्स साइम आणि त्यांचे जावई लिस्टर यांच्या शाळेत मात्र दंडक असा, की नाडी बघू नका, श्वास बघा; श्वास घोरू लागला की औषध दूर करा आणि जीभ पुढे ओढा.

श्वास कुठून चालतो हे तेव्हा बरेचसे कळले होते. पॅरिसच्या लगालोआ यांनी १८११ च्या सुमारास सशांच्या मेंदूचे पुढून मागे एकेक काप काढत नेले. मोठा मेंदू गेला, लहान मेंदू गेला, तरी ससा श्वास घेत राहिला. मानेच्या वर, मज्जारज्जू जिथे मेंदूला मिळतो त्या लंबमज्जेतल्या एका ठराविक जागी, व्हेगस नसांच्या मुळाशी, सुरी पोचली आणि श्वास तिथल्या तिथे थांबला. नंतर फ्लूराँस यांनी ही जागा अजून आवळत टाचणीच्या डोक्याएवढी करून टाकली आणि तिला जीवनाची गाठ असे नाव दिले. इतकी छोटी ती नाही हे पुढे दिसले, पण ठिकाण बरोबर होते. १८६८ मध्ये हेरिंग आणि ब्रॉयर यांनी दाखवले, की फुफ्फुस फुगले की व्हेगस नसेतून वर निरोप जातो आणि आत घेतलेला श्वास तिथेच आवरला जातो. म्हणजे मेंदू हुकूम सोडतो आणि फुफ्फुस त्याला मध्येच पुरे म्हणते. क्लोरोफॉर्मचा घाला या कारभारावर आधी पडतो की हृदयावर, इथे घोडे अडले होते.

आता हैदराबाद. एडवर्ड लॉरी हे साइम यांचे शिष्य. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून लाहोरला राहून १८८५ मध्ये ते इथे रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. हैदराबाद मेडिकल स्कूलही त्यांच्याच हाती आले. ही शाळा १८४६ सालची आणि शिकवणे उर्दूतून चाले. लॉरींनी ते इंग्रजीत आणले आणि मुलींनाही दार उघडले. माणूस कर्तबगार, पण गुरुनिष्ठा अशी जबर, की साइम जे म्हणाले त्यावर शंका घेणे त्यांना पाप वाटे. आपण हजारो वेळा क्लोरोफॉर्म दिला आणि एकही रोगी गमावला नाही, हे ते छातीठोकपणे सांगत. आम्हाला हे वाचताना घराणेदार गवयांची आठवण होते. गुरूच्या गायकीची शपथ घेणारा माणूस दुसऱ्याचे ऐकतो, पण कानाने नाही.

१८८८ मध्ये लॉरींनी निजाम सरकारकडून पहिले कमिशन नेमून घेतले. डॉ. पॅट्रिक हेहिर त्याचे प्रमुख. १४१ कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन पाहिले आणि निकाल दिला, की दर खेपेला श्वास आधी थांबला, हृदय मागाहून. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाने यावर नाक मुरडले. इतक्या वर्षांचा लंडनचा अनुभव हृदयाकडे बोट दाखवतो, तो काय उगाच? लॉरींनी यावर चिडून पत्र लिहिले नाही. त्यांनी निजामांकडे धाव घेतली. मीर महबूब अली खान तेव्हा २३ वर्षांचे, दिवाण सर आस्मान जाह. निजामांनी लॅन्सेटला १००० पौंड देऊ केले : तुमचा विश्वासातला माणूस पाठवा, त्याच्या डोळ्यांसमोर सगळे पुन्हा करू.

इथे थोडे थांबावेसे वाटते. या १००० पौंडांची कथा निजामांच्या उदारपणाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण दौलतीचा खजिना शेतसाऱ्यावर भरत असे, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद तेव्हा याच दौलतीत होते. ज्या घरांतून पुढे आपण नोकरीधंद्यासाठी इथे आलो, त्याच गावांच्या काळ्या मातीतून काही पैसा त्या पौंडांत गेला असणार. तेव्हा या कमिशनवर आपलाही थोडा हक्क आहे. त्याच्या यशावर आणि चुकीवरही.

लॅन्सेटने निवडलेला माणूस लेचापेचा नव्हता. टॉमस लॉडर ब्रंटन हे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयाचे डॉक्टर. हृदयशूळावर अमिल नायट्राइट हुंगायला देण्याची युक्ती त्यांनीच १८६७ मध्ये काढली होती. आणि क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडतो असे स्वतः मानणाऱ्यांपैकी ते होते. म्हणजे विरुद्ध पक्षाचा वकीलच न्यायाला बोलावला. १८८९ च्या ऑक्टोबरात ते आले. दुसऱ्या कमिशनवर लॉरी, ब्रंटन, जेरल्ड बॉमफर्ड आणि रुस्तमजी हकीम हे चौघे होते. हिवाळ्याच्या तोंडावर दोनेक महिने काम चालले. चारशेहून अधिक जनावरे लागली : कुत्री, माकडे, बकऱ्या, घोडे, मांजरे, ससे. रक्तदाब आणि श्वास यांच्या रेषा काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटवून घेतल्या. हे वाचताना मन कोंदते हे कबूल करायला हवे. आज अशा कामाला कोणतीही समिती सहज परवानगी देणार नाही.

या कामात एक नाव आहे ते ठळक लिहिले पाहिजे. रूपाबाई फर्दुनजी. मुलींना दार उघडले तेव्हा १८८५ मध्ये मेडिकल स्कूलमध्ये आलेल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी या पारशी बाई. भूल देणे हा त्यांचा खास विषय झाला, कमिशनच्या वेळी त्यांनी हात लावला, आणि पुढे अनेक वर्षे इथल्या दवाखान्यांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. नंतर एडिंबरोला जाऊन पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकून आल्या. भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते. पुणे-मुंबईच्या आनंदीबाई आणि रखमाबाई आपल्याला पाठ असतात. आपल्याच शहरातल्या रूपाबाई का नसाव्यात?

डिसेंबरात ब्रंटन यांनी लॅन्सेटला तार केली. लॉरींचा निकाल कायम. त्यांचे स्वतःचे मतही फिरले होते. १८९० मध्ये अहवाल लॅन्सेटमध्ये छापला गेला आणि हैदराबादचे नाव युरोप-अमेरिकेतल्या वैद्यक शाळांत पोचले. अहवालाच्या अखेरीस भूल देणाऱ्यांसाठी नियम होते. रोगी आडवा असावा, गळ्याभोवती आणि छातीवर काही आवळलेले नसावे, भूल देणाऱ्याने फक्त श्वासाकडे बघावे, श्वास अडला तर तत्काळ कृत्रिम श्वास द्यावा. आणि एक नियम आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो : रोगी धडपडत असेल किंवा श्वास रोखून धरत असेल तर सांभाळा, कारण त्यानंतर तो जो खोल श्वास घेईल त्यात एकदम जास्त औषध आत जाईल.

रोखलेल्या श्वासानंतर खोल श्वास येतोच का, याचे नेमके उत्तर १९०५ मध्ये ऑक्सफर्डला जॉन स्कॉट हॅल्डेन आणि प्रीस्टली यांनी दिले. त्यांनी माणसांना लांब नळीत जोराने श्वास सोडायला लावून शेवटची, फुफ्फुसाच्या तळाची हवा तपासली. दिसले असे, की त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शरीर जवळजवळ एका ठरावीक पातळीवर राखून ठेवते. तो अगदी थोडा, शेकडा ०.२ इतका चढला तरी श्वासाचा जोर दुपटीच्या घरात जातो. श्वास सांभाळणारा खरा मुकादम प्राणवायू नव्हे, तर ही टाकाऊ हवा. प्राणवायू बराच उतरला तरच गळ्यातल्या मुख्य रोहिणीजवळचे छोटे कण मेंदूकडे बोंब ठोकतात. त्या शोधाबद्दल बेल्जियमच्या हेमान्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले. प्राणायामात कुंभक करणाऱ्याला जी घालमेल होते तीही मुख्यतः या साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची. (जाता जाता : या हॅल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॅल्डेन पुढे भारतातच राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद, ज्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले, ते जन्माने डभोईचे, म्हणजे आपल्या बडोदेकर मंडळींच्या शेजारचे.)

आता मूळ वादाकडे. लॉरी जिंकले असे १८९० मध्ये वाटले, पण रोगी मरायचे थांबले नाहीत. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी एका जनावराचे रक्त दुसऱ्याच्या अंगात फिरवण्याची खटपट केली, म्हणजे क्लोरोफॉर्म मेंदूला एकट्याला द्यावा आणि हृदयाला वाचवावे, किंवा उलट. मेंदूला एकट्याला दिला तेव्हा श्वास खालावला पण रक्तदाब कोसळला नाही. हृदयाकडे गेला तेव्हा दाब पडला. म्हणजे हृदयालाही थेट इजा होती. लॉरींनी हे मानले नाही. ते अखेरपर्यंत आपल्या जागी उभे राहिले.

गाठ सुटली ती १९११ मध्ये. लंडनचे गुडमन लेव्ही यांनी मांजरांना क्लोरोफॉर्म अगदी हलका दिला, आणि त्या अर्धवट गुंगीत अॅड्रेनॅलिन टोचले. हृदय ठोके टाकायचे सोडून नुसते थरथरू लागले आणि मांजर काही क्षणांत गेले. गुंगी खोल असली तर मात्र असे होत नव्हते. घाबरलेल्या, धडपडणाऱ्या माणसाच्या अंगात अॅड्रेनॅलिन आपोआप वाढते. हॅना ग्रीनर घाबरलेली होती, औषध हलके होते, मरण क्षणात आले. त्या सगळ्या चटकन झालेल्या मृत्यूंचा अर्थ आता लागला. लॉरींच्या कमिशनने मात्र जनावरांना क्लोरोफॉर्म सतत चढवत मरणापर्यंत नेले. तिथे श्वास आधी थांबणार हे ठरलेलेच. आधी थांबणारे काय, हे औषध कसे दिले यावर होते. अॅड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात हाती आले १९०१ मध्ये आणि हृदयाचा विद्युत आलेख त्याच सुमाराला, तेव्हा १८८९ मध्ये हे दिसणे अवघड होते. तरी लंडनच्या टेबलांवर जी माणसे मेली त्यांच्याकडे लॉरींनी अधिक नीट पाहायला हवे होते. ती घाबरलेली माणसे होती, बांधलेली कुत्री नव्हती.

खोल गुंगीत श्वास आधी का जातो हे शरीराच्या घडणीतच आहे. हृदयाला स्वतःची घड्याळाची चावी आहे. १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक यांनी ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात शोधून काढली. मेंदूचा हुकूम नसतानाही हृदय चालते, बाहेर काढले तरी काही काळ ठोके देते. फुफ्फुसाला अशी चावी नाही. ते स्वतः हलतच नाही. छातीचे स्नायू आणि श्वासपटल त्याला ताणतात, आणि त्या स्नायूंना प्रत्येक श्वासाला लंबमज्जेतून नवा हुकूम लागतो. मिनिटाला चौदा धरले तर दिवसाला वीस हजार हुकूम. तिथल्या ज्या पेशींच्या पुंजक्यातून श्वासाचा ताल उठतो तो नेमका १९९१ मध्ये ओळखला गेला. भुलीची बहुतेक औषधे या पेशींना सुस्त करतात आणि कार्बन डायऑक्साइड चढल्याची हाक त्यांना ऐकू येईनाशी होते. रोगी घुसमटत असतो आणि मेंदूला त्याची फिकीर नसते. हे लॉरींनी अचूक हेरले होते. भूल देणाऱ्याने श्वास डोळ्याआड करू नये हा त्यांचा दंडक आजच्या कुठल्याही शस्त्रक्रियागृहात चालतो, फक्त आता रोग्याने सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड यंत्र मोजते आणि त्याच पडद्यावर, शेजारीच, हृदयाची रेषाही चालते.

अफजलगंजचा जुना दवाखाना २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुरात गेला. त्या परिसरातली चिंच दीडशे माणसांना फांद्यांवर घेऊन उभी राहिली, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पुढे तिथे उस्मानिया दवाखान्याची इमारत आली, आणि कोठीवरची रेसिडेन्सी महिला महाविद्यालय झाली. त्या भिंतींवर कमिशनची पाटी लागावी असे आम्हाला वाटते. तिच्यावर 'क्लोरोफॉर्म सुरक्षित ठरला' असे मात्र लिहू नये. प्रयोगांची साले, निजामांचे १००० पौंड आणि रूपाबाईंचे नाव, एवढे पुरे.

आपल्यापैकी कुणाच्या घरी हैदराबाद मेडिकल स्कूलची जुनी सनद, हकिमीचा दाखला, त्या दवाखान्याचा कागद किंवा छायाचित्र असेल, तर उत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळी ते मंडपातल्या आमच्या टेबलावर आणून दाखवावे. तिथेच प्रत काढून मूळ कागद परत देण्याची व्यवस्था केली आहे. उर्दूतले कागद वाचून देणारी जाणती मंडळीही त्या वेळी तिथे असतील.